जडावाची जाडी (गिटारचा वक्र फ्रेटबोर्ड)

फ्रेटबोर्डमध्ये (गिटारच्या मानेवरील, तारा दाबायच्या लाकडी पट्टीत) खुणेसाठी बसवायचा शिंपल्याचा, हाडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा किती जाड घ्यावा, हे ठरवण्याची रीत. क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड साधारणतः सपाट असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरतच नाही. स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारींवर मात्र तो मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. या वक्रतेची त्रिज्या कंपनीगणिक बदलते: जुन्या फेंडरची ७.२५ इंच (१८४ मिमी), गिब्सनची सहसा १२ इंच (३०५ मिमी), तर मार्टिनची १६ इंच (४०६ मिमी).

तुकडा सपाट असल्यामुळे मध्यभागी तो लाकडाशी समपातळीत आला, तरी त्याच्या कडा वर राहतात आणि घासून उतरवाव्या लागतात. विकत घेतलेली जाडी टिकते ती फक्त मध्यावर. कडांवरून किती जाईल याचा हिशोब सोपा आहे: तुकड्याच्या आडव्या रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ६ मिमीच्या ठिपक्याला १८४ मिमी त्रिज्येवरही जेमतेम ०.०२ मिमी जाते, म्हणजे ठिपक्यांसाठी ही आकडेमोड करण्यात अर्थ नाही. ४० मिमी रुंद चौकोनाला मात्र ३०५ मिमी त्रिज्येवर ०.६६ मिमी आणि १८४ मिमीवर तब्बल १.०९ मिमी जाते. बाजारातला शिंपला बहुधा १.३ ते १.५ मिमी जाड मिळतो. १.३ मिमीचा घेतला तर या शेवटच्या उदाहरणात कडेला ०.२ मिमी उरेल, आणि इतक्या पातळ शिंपल्यातून खालचा काळा गोंद दिसू लागतो. कडेला निदान अर्धा मिलिमीटर तरी राहावा. अबलोनीचे (एका रंगीत समुद्री शिंपल्याचे) पातळ थर चिकटवून केलेले पत्रे घासताना वरचा थर संपला की नक्षीच पालटते, तेव्हा तिथे आणखी सावध राहावे.

नवशिके कडेची उंची धरून खाच खोल करतात. मग तुकड्याचा मध्य लाकडाखाली बुडतो आणि तो वर दिसावा म्हणून सगळा फ्रेटबोर्ड घासत बसावे लागते. यात वक्रता बिघडते, फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) चिरा उथळ होतात. खोली नेहमी मध्यावरच मोजावी.

छत्रपती संभाजीनगरच्या बिदरी कारागिरांपुढे ही अडचण नसते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि चांदी सुरईच्या गोलाईबरोबर वळते. शिंपला वळत नाही, तडकतो. म्हणून रुंद चौकोनासाठी जाड शिंपला शोधत बसण्यापेक्षा दोन तुकडे जोडून बसवणे बरे: रुंदी निम्मी झाली की घासायची उंची चौथाईवर येते. मात्र प्रत्येक तुकड्याची खाच त्याच्या बाजूच्या उताराला धरून कोरायला हवी. जाड शिंपल्याला खाचही खोल लागते, आणि फ्रेटबोर्ड स्वतः जेमतेम ६ मिमीचा असतो. जुन्या, अनेकदा घासलेल्या गिटारीवर तेवढाही उरलेला नसतो.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि कोरड्या हवेत लाकूड आक्रसते. शिंपला आहे तेवढाच राहतो. पावसाळ्यात काटेकोर घट्ट कोरलेली खाच उन्हाळ्यात तुकड्याला आवळते, म्हणून ती केसभर सैल ठेवून आबनुसाच्या भुशात कालवलेल्या इपॉक्सीने फट भरतात. घासताना नाकातोंडावर मास्क हवाच. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.