संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो, व्हिडिओ, गाणी ऑनलाइन टाकताना: परवानगी कोणाची, कागद कोणते

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांचे गणेशोत्सव, कोजागरी, नाट्यप्रयोग आता यूट्यूब-फेसबुकवर जातात आणि बाहेरगावी गेलेली मुलेबाळे ते आवर्जून पाहतात. ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच एक गैरसमज आधी काढून टाकू. ‘आपण पैसे कमावत नाही, मग परवानगी कशाला?’ असे पुष्कळ कार्यकर्ते मनापासून मानतात. पण कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये धर्मादाय किंवा सांस्कृतिक संस्थांना सरसकट सूट नाही. कलम 52 मधली एक सवलत अशी की हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक किंवा गाणे सादर केले तर ते उल्लंघन नाही. ही सवलत सादरीकरणाची आहे. त्याच प्रयोगाचे चित्रीकरण करून ते इंटरनेटवर ठेवायचे असेल तर नाटककाराची, संगीत वापरले असेल तर त्याच्या हक्कधारकांची आणि रंगमंचावरच्या कलाकारांचीही संमती लागते.

फोटोंच्या बाबतीत कायदा अनेकांना चकित करतो. मानधन देऊन छायाचित्रकार बोलावला आणि वेगळा करार केला नाही, तर कलम 17 प्रमाणे फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा, म्हणजे संस्था. उलट एखाद्या सभासदाने प्रेमाने, फुकट फोटो काढले तर हक्क त्याचाच राहतो. म्हणून फुकट काम करणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घेणे जास्त गरजेचे आहे. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातल्या इमारतींचा फोटो स्वतः काढायला वास्तुकाराला विचारावे लागत नाही, मात्र दुसऱ्याने काढलेला फोटो गुगलवरून उचलता येत नाही.

परवाना लेखी हवा. तोंडी ‘हो, वापरा’ पुढे कामाला येत नाही. पत्रात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर फक्त भारत. ऑनलाइन व्हिडिओ जगभर दिसतो, तेव्हा ‘इंटरनेटवर, जगभर, अमुक वर्षांसाठी, श्रेय देऊन’ हे शब्द पत्रात हवेतच. काटछाट करणार असाल तर तेही लिहा.

गाण्यांत सर्वात जास्त घोटाळा होतो, कारण एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे 1941 साली वारले. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे मोजली जातात, म्हणून 2002 पासून त्यांच्या कविता सर्वांना खुल्या आहेत. त्या तुम्ही वाचा, छापा, स्वतःची चाल लावून म्हणा. पण त्यांच्या कवितेला नंतरच्या संगीतकाराने लावलेल्या चालीचा हक्क वेगळा मोजायचा आणि रेकॉर्डचा तिसरा, प्रकाशनापासून 60 वर्षांचा. व्हिडिओमागे तयार रेकॉर्ड लावायची असेल तर ध्वनिमुद्रण कंपनीला अर्ज करा. शब्द आणि चालीचे हक्कधारक कोण, हेही तिथेच विचारून घ्या. यूट्यूबवर 90 दिवसांत कॉपीराइटचे 3 स्ट्राइक, म्हणजे तक्रारीवरून मिळालेल्या ताकिदी, आले तर चॅनेल बंद होऊ शकते. मग वर्षानुवर्षांचे कार्यक्रम एकदम जातात.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर आधीच सर्वांना खुले केलेले फोटो विनामूल्य मिळतात, पण परवान्याचे नाव नीट वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनडी’ म्हणजे बदललेली प्रत पसरवू नका, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नाही. हे शेवटचे वापरावरून ठरते, संस्थेच्या नोंदणीवरून ठरत नाही. व्हिडिओवर प्रायोजकाची जाहिरात असेल तर ‘एनसी’ साहित्य टाळलेले बरे.

18 वर्षांखालील मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्याच. संस्था निराधार किंवा पीडित मुलांसाठी काम करत असेल तर जास्त सावध राहा. बालन्याय कायदा, 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणे गुन्हा आहे. देणगी मागताना मुलाचा चेहरा दाखवण्याचा मोह होतो, पण तो कटाक्षाने टाळावा.

आता अर्ज. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेली संस्था स्वतःच्या नावाने परवाना मागू शकते. नोंदणी नसेल तर पदाधिकाऱ्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा, पण जबाबदारीही त्यांच्यावरच येते, हे ध्यानात ठेवावे. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, संस्थेचे पॅन, सही करणाऱ्याला अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव, आणि कोणते साहित्य, कुठे, किती काळ वापरणार याचे एक पान जोडा. प्रायोजक असेल तर लपवू नका. उत्तर आले नाही तर गप्प बसणे म्हणजे होकार, असे समजू नका.

संस्थेने स्वतः बनवलेल्या साहित्यावर हक्क आपोआप मिळतो, कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. पण वाद झाला तर नोंदणीचा कागद उपयोगी पडतो. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म 14 भरावा लागतो. लेखन किंवा फोटोसाठी शुल्क 500 रुपये, ध्वनिमुद्रणासाठी 2000, चित्रफितीसाठी 5000. अर्जाला डायरी क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबतात, त्यानंतर तपासणी होते.