खेकड्यात धातू बसतो कुठे?

पावसाळा लागला की मावळ-मुळशीच्या ओढ्यांतले खेकडे पुण्यात विकायला येतात आणि कुणीतरी विचारतंच, "नद्या एवढ्या घाण झाल्यात, हे खाल्लेले चालतात का?" प्रश्न रास्त आहे. पण अख्ख्या खेकड्याचा एकच आकडा मागितला, तर उत्तर फसवं येतं. कारण विषारी धातू त्याच्या अंगात सगळीकडे सारखे पसरत नाहीत.

कवच उघडल्यावर आत जो पिवळसर-तपकिरी, लोण्यासारखा मऊ भाग दिसतो, ती खेकड्याची पाचकग्रंथी. कॅडमियम मुख्यतः तिथे साठतं. खेकड्याचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं. हे तांबं आणि जस्त सांभाळायला या ग्रंथीत मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिनं असतात (१९५७ मध्ये ती पहिल्यांदा सापडली ती मात्र घोड्याच्या मूत्रपिंडात!). कॅडमियम रासायनिकदृष्ट्या जस्ताचा भाऊबंद, त्यामुळे ही प्रथिनं त्यालाही धरून ठेवतात. शिसं कॅल्शियमच्या वाटेनं जातं आणि बरंचसं कवचात बसतं. कात टाकताना त्यातलं काही निघूनही जातं. मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, थेट मांसात शिरतो.

आता, हे कॅडमियम खेकड्याला मिळतं कुठून? कल्ल्यांवाटे पाण्यातून, की तोंडावाटे अन्नातून? नुसता खेकडा कापून, आम्लात विरघळवून मोजला तर हे कळत नाही. म्हणून कॅडमियम-१०९ हा किरणोत्सारी प्रकार वापरतात. आधी शिंपल्यांना किंवा किड्यांना तो शोषू द्यायचा, मग ते खेकड्याला खाऊ घालायचे. जिवंत खेकडाच गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात ठेवायचा, त्याचं पोट रिकामं होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. जे मागे उरलं, ते अंगी लागलं. पद्धत साधी, पण फार हुशारीची.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत हडसन नदीकाठी फाउंड्री कोव्ह नावाची खाडी आहे. तिथे एका बॅटरी कारखान्यानं वर्षानुवर्षं कॅडमियम सोडलं. तिथल्या गाळातले किडे त्याला सरावले, इतके की अंगात भरपूर कॅडमियम घेऊनही जगायचे. हे किडे कोळंबीला खायला घातले, तेव्हा किड्याच्या पेशीद्रवातलं कॅडमियम कोळंबीच्या अंगी लागलं. घट्ट कणांत कोंडलेलं मात्र तसंच बाहेर पडलं. म्हणजे शिकाऱ्याला किती विष मिळणार, हे भक्ष्यानं ते कसं साठवलंय यावरही ठरतं. खेकडा कोळंबीचाच नातलग, आणि असले किडे सांडपाण्याच्या गाळात जगभर असतात.

म्हणून मुळा-मुठेच्या पाण्यातला धातू मोजून तिथल्या खेकड्याबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं. गाळ, गाळातले किडे, गोगलगायी आणि मग खेकड्याची ग्रंथी, मांस, कवच असं वेगवेगळं मोजायला हवं. शिवाय खेकड्याचं वय आणि शेवटची कात कधी टाकली, हेही बघायला हवं. डोंगरातल्या ओढ्यातला खेकडा आणि शहराखालच्या पात्रातला खेकडा एका मापानं मोजण्यात तर काहीच अर्थ नाही.

माणसाचं काय? महिन्याला वजनाच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं ठरवलेली मर्यादा. ६० किलोच्या माणसाला महिन्याभरात दीड मिलिग्रॅम, तेही भात-भाजीतून येणारं धरून. मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या ताटापेक्षा सवय महत्त्वाची. युरोपात खेकड्यासाठी किलोला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती नांग्या-पायांतल्या पांढऱ्या मांसाला. तपकिरी भाग तिच्यात धरलेलाच नाही.

शिजवून धातू नष्ट होत नाही, तो ग्रंथीतून पाण्यात उतरतो. म्हणून हडसनमधले खेकडे खाणाऱ्यांना न्यूयॉर्कचं आरोग्य खातं सांगतं की तो मऊ भाग काढून टाका आणि उकळलेलं पाणीही ओतून द्या. पहिली सूचना आपल्याकडे कदाचित कुणी पाळेल. दुसरी पाळायची, तर रस्साच ओतून द्यावा लागेल.