संगीतकार जोडी

चित्रपटाला एकाच जोडनावाने आणि समान श्रेयाने संगीत देणाऱ्या दोघांना संगीतकार जोडी म्हणतात. हिंदी चित्रपटात ही पद्धत १९४० च्या दशकात रुजली. हुस्नलाल-भगतराम ही भावांची जोडी पहिली मानण्याचा प्रघात आहे; पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘चाँद’ (१९४४) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यांच्याकडे उमेदवारी केलेले शंकर आणि पृथ्वी थिएटर्समध्ये हार्मोनियम वाजवणारे जयकिशन यांनी ‘बरसात’पासून (१९४९) जोडीने काम सुरू केले. पुढे कल्याणजी-आनंदजी आणि त्यांचेच साहाय्यक राहिलेले लक्ष्मीकांत-प्यारेलाल आले. मराठीत अनिल-अरुण (अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल) आणि अजय-अतुल ही ठळक नावे.

जोडीमुळे चाली दुप्पट होतात, हा समज अर्धाच खरा आहे. खरा फायदा कामाच्या वाटणीत असतो. गाण्याची कामे दोन जातीची. पहिले काम बैठकीचे: निर्माता, दिग्दर्शक आणि गीतकार यांच्यासमोर पेटीवर मुखडा ऐकवायचा, नाकारला तर तिथेच दुसरा काढायचा, अंतऱ्याची लांबी ठरवायची, गायकाची पट्टी पाहायची. त्याला हजरजबाबी आणि बोलका माणूस लागतो. दुसरे काम वाद्यमेळाचे: सुरुवातीचे आणि दोन अंतऱ्यांमधले संगीत रचायचे, व्हायोलिन किती आणि बासरी कुठे हे ठरवायचे, प्रत्येक वादकासाठी स्वरलेखन करायचे. त्याला एकांत हवा. एकाच माणसाला दोन्ही करावी लागली, तर बैठका लांबतात किंवा मधले संगीत ऐनवेळी उरकले जाते. लक्ष्मीकांत (कुडाळकर) हे मूळचे मेंडोलिनवादक, तर प्यारेलाल व्हायोलिनवादक आणि गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य. चाल आणि बैठक मुख्यतः लक्ष्मीकांत यांची, वाद्यमेळ प्यारेलाल यांचा, अशी त्यांची वाटणी सांगितली जाते. अर्थात सीमारेषा कधीच पक्की नसते.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हा फायदा उघड दिसे. गायक आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी वाजवत-गात असत, त्या काळी एकाची चूक म्हणजे सगळा टेक पुन्हा. जोडीतला एक वादकांसमोर उभा राहून हातवारे करी आणि दुसरा काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी बसून तोल ऐके. आतल्याला ढोलक चांगलाच ऐकू येतो, पण माइकवर तो गायकाचे शब्द गिळतो आहे का, हे बाहेरच्यालाच कळते. एकटा संगीतकार यासाठी साहाय्यकावर विसंबतो. पण वादकांसमोर टेक थांबवण्याचा अधिकार साहाय्यकाला बरोबरीच्या जोडीदाराइतका नसतो.

म्हणून साहाय्यक गौण ठरतात असे मात्र नाही. शंकर-जयकिशन यांच्या यशात संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा आणि तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर यांचा वाटा मोठा होता. दोघांचेही गोव्याशी नाते होते. दत्ताराम यांची ढोलकावरची एक चलन तर वादकांमध्ये ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखली जाते. जोडनावामुळे हे तिसरे-चौथे हात झाकले जातात, हा या पद्धतीचा जुना दोष आहे.

जोडी बिघडते ती बहुधा श्रेयावरून. कोणती चाल कोणाची हे बाहेर सांगायचे नाही, हा अलिखित नियम जोवर पाळला जातो तोवर हिशेब सोपा असतो: नाव एक, मानधन निम्मे-निम्मे. एकाने एखादे गाणे आपले म्हणून सांगितले, की उरलेल्या गाण्यांबद्दलही विचारणा सुरू होते. दुसरे कारण म्हणजे एकाने परस्पर काम स्वीकारणे. भावाभावांच्या जोडीत हे वाद घरातच मिटण्याची शक्यता अधिक, पण लेखी काही नसण्याचीही तितकीच.

लेखी नसल्याने कायदा आपले उत्तर लावतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करार नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो आणि भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचे योगदान वेगळे काढता येत नसेल तरच ती संयुक्त कृती; आणि तिचा हक्क शेवटी वारणाऱ्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जयकिशन १९७१ मध्ये गेले, शंकर १९८७ मध्ये. एखादी चाल एकट्या जयकिशन यांची ठरली तर तिची मुदत २०३१ अखेर संपेल. दोघांची ठरली तर २०४७ अखेर. त्यामुळे ‘चाल कोणाची’ हा प्रश्न सोळा वर्षांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) ठरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचे स्वामित्वधन संगीतकाराला सोडून देता येत नाही, म्हणून आता तीन गोष्टी आधीच लिहून ठेवलेल्या बऱ्या: प्रत्येक गाण्यातला वाटा, वेगळे काम घ्यायची मुभा, आणि एक जण गेल्यावर नाव कोणी वापरायचे.

शेवटची गोष्ट बहुतेक जण टाळतात. शंकर यांनी जयकिशन यांच्या पश्चात सोळा वर्षे जोडनावच चालवले. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ने (१९७५) पुढे आलेल्या राम-लक्ष्मण जोडीतले ‘राम’ लवकरच वारले. ‘लक्ष्मण’ म्हणजे नागपूरचे विजय पाटील यांनी नाव बदलले नाही. ‘मैंने प्यार किया’च्या (१९८९) संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार राम-लक्ष्मण यांना मिळाला, तेव्हा संगीतकार एकच होता.