किती चाव्यांचा सेट घ्यावा? स्मॉलपाइप्स घेण्याआधी वाचा

नमस्कार. नॉर्थम्बरलंडचे स्मॉलपाइप्स, म्हणजे उत्तर इंग्लंडमधला छोटा बॅगपाइप, बघायला आलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा चाव्याच (जादा सुरांची भोकं उघडणाऱ्या छोट्या दांड्या) मोजतो, आणि जास्त चाव्या म्हणजे भारी सेट असं धरून चालतो. तसं नाहीये.

या पाइप्समध्ये तोंडाने फुंकत नाहीत, उजव्या बगलेतला भाता हवा भरतो. चँटरचं, म्हणजे ज्यावर बोटं चालतात त्या नळीचं, खालचं टोक बंद असतं, त्यामुळे सगळी भोकं झाकली की आवाज एकदम थांबतो. एका वेळी एकच बोट उचलायचं, सूर सुटे सुटे टपटप पडतात, आणि या वाद्याचा सगळा गोडवा त्यातच आहे.

चाव्या नसलेल्या जुन्या चँटरवर फक्त एक सप्तक, आठ सूर. १९व्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ शील्ड्सच्या रॉबर्ट रीड यांच्यासारख्या कारागिरांनी चाव्या वाढवत नेल्या. सात चाव्यांवर खालच्या डी पासून वरच्या बी पर्यंत जाता येतं आणि इकडच्या बहुतेक पारंपरिक धून त्यात बसतात. सतरा चाव्यांवर जवळपास सगळे कोमल-तीव्र सूर मिळतात, पण प्रत्येक चावीखाली एक भोक आहे आणि त्यावरचं चामड्याचं पॅड जरा जरी नीट बसलं नाही तरी हवा गळते, मग चँटर गप्प बसत नाही आणि सुटा सूर गेलाच म्हणून समजा. शिवाय बहुतेक चाव्या खालच्या हाताच्या अंगठ्याने आणि वरच्या हाताच्या करंगळीने दाबायच्या, तो हात बसायला वेळ लागतो. म्हणून नवीन माणसाला आम्ही सातच सुचवतो.

खरा विचार करायचा तो पट्टीचा. नोटेशन जी (G) मध्येच लिहितात, पण पारंपरिक सेट वाजतो एफ च्या किंचित वर, आपल्या भाषेत पांढरी चारपेक्षा थोडा चढा. एकट्याने किंवा बाकी पाइपर्सबरोबर वाजवायचं असेल तर हाच घ्या, त्याचा आवाज आम्हाला सगळ्यात आवडतो. फिडल, अकॉर्डियनवाले मित्र असतील तर कॉन्सर्ट जी, म्हणजे पांढरी पाच. डी चे सेट पण बनतात, ते खर्जातले, बोटांमधलं अंतर जास्त, लहान हातांना जड जातात.

ड्रोन म्हणजे सनईमागे धरतात तसा एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या समजा. बहुतेक सेटमध्ये चार असतात, वाजवतात तीन, धूनीप्रमाणे एखादा बंद करून दुसरा उघडायचा.

ऑर्डर देताना कोणाबरोबर वाजवणार ते आधी सांगा, आणि जमलं तर हाताचं माप द्यायला स्वतः या.