घरी रोल धुताय? मग कुठला डेव्हलपर घ्यावा

नमस्कार, तुमच्या पार्सलमध्ये हा कागद मुद्दाम घातलाय. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या रोलवर चित्र उमटवणारं औषध म्हणजे डेव्हलपर. "कुठला डेव्हलपर घेऊ?" हे आम्हाला सारखं विचारलं जातं आणि फोनवर त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून स्वतः रोल धुताना जे कळलं ते लिहून देतोय.

पहिलाच रोल असेल तर डोळे झाकून डी-७६ घ्या. कोडॅकचा १९२७ चा फॉर्म्युला, त्यात मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स, बास. इल्फर्डचा आयडी-११ पण जवळपास तोच. ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, बारीक येतो, करडे टोन छान मिळतात आणि आपल्या छोट्यामोठ्या चुका पोटात घालतो. निम्मा स्टॉक (तयार केलेलं मूळ द्रावण) निम्मं पाणी घ्यायचं, एकदा वापरून ओतून द्यायचं. इल्फर्डच्या एचपी५ फिल्मला आयडी-११ मध्ये असं २० डिग्रीला १३ मिनिटं लागतात. सुटी केमिकल्स नेली असतील तर पन्नासेक डिग्रीच्या पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं आणि मगच बाकीचं, कारण सगळं सल्फाइट आधी टाकलं की मेटॉल विरघळायचं नावच घेत नाही. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं, ग्लोव्हज घालाच.

महिन्या-दोन महिन्यांनी एखादा रोल काढत असाल तर रोडिनल. हे १८९१ पासूनचं औषध, बाटली वर्षानुवर्षं टिकते, आतलं कोऱ्या चहासारखं काळं पडलं तरी काम करतं. १० मिली घेऊन ५०० मिली पाण्यात टाकायचं, झालं. कडा एकदम धारदार येतात पण ग्रेनही ठसठशीत येतो, त्यामुळे १०० आयएसओच्या फिल्मवर आम्हाला ते फार आवडतं, ४०० ला ज्याला ग्रेन हवाच आहे त्यानेच वापरावं.

एक्सटॉल १९९६ चं, व्हिटॅमिन सी च्या भावंडावर चालतं, ग्रेन बारीक आणि सावलीतलं डिटेल मस्त. फक्त ते खराब झालं तरी रंग बदलत नाही, म्हणून दरवेळी रोलच्या तोंडाचा छोटा तुकडा कापून उजेडातच त्यात बुडवून बघा, काळाकुट्ट झाला तरच त्यात रोल धुवा.

इन्स्टंट कॉफी, वॉशिंग सोडा आणि व्हिटॅमिन सी मध्येही रोल धुता येतो, आम्ही धुतलेत. वास घरभर होतो पण नेगेटिव्ह येतात. खायचा सोडा नको, वॉशिंग सोडाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. डब्यावरची वेळ २० डिग्रीची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाला येतं ते सरळ तिशीच्या पुढचं, त्यात तीच वेळ ठेवली की नेगेटिव्ह इतकं काळं होतं की स्कॅनरमधून पण काही निघत नाही. बर्फ बाहेरच्या टबात टाका, डेव्हलपरमध्ये नाही, आणि २४ डिग्रीपर्यंत आणलं तरी पुरे, तेव्हा १० मिनिटांची साधारण ७ करा. वेळ ५ मिनिटांच्या खाली येत असेल तर डेव्हलपर पातळ करा, नाहीतर पट्टे येतात. हायपो (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारा फिक्सर) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

वापरलेल्या हायपोत चांदी असते, तो झाडांना घालू नका, कॅनमध्ये साठवा.

आणि रोल बिघडला तर टाकून देऊ नका, खिडकीच्या उजेडात धरून फोटो पाठवा, कडेचे नंबर दिसू देत. तेच फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी पडलं, ते नीट काळे आणि फक्त चित्र फिकट असेल तर डेव्हलपर ठीक आहे, कॅमेऱ्यात उजेड कमी पडलाय.