जुना वस्तरा उजळणे

गंजलेला, धार गेलेला दाढीचा वस्तरा यंत्राविना, केवळ हातांनी पुन्हा दाढी करण्याजोगा करण्याचा छंद. येथे वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे अखंड पोलादी पाते. सलूनमध्ये आज दिसणारा, अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा वेगळा. एचआयव्ही आणि काविळीच्या संसर्गाच्या धास्तीने ब्लेडचा वस्तरा रूढ झाला आणि जुने वस्तरे धोकटीच्या तळाशी गेले.

मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. बलुतेदारीत वर्षभराच्या हजामतीचा मोबदला सुगीत धान्याने मिळे आणि चांगला वस्तरा बापाकडून मुलाकडे येई. असे वस्तरे अजूनही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत किंवा आठवडी बाजारातल्या भंगारात हाती लागतात. आधी पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का वाचावा. इंग्लंडचे शेफील्ड आणि जर्मनीचे झोलिंगेन ही वस्तऱ्यांची नावाजलेली शहरे. परदेशी मालावर उगमाची खूण असावी, असा कायदा ब्रिटनने १८८७ मध्ये केला. त्यामुळे जर्मनीचे नाव कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. धारेला तडा असेल किंवा गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील, तर वस्तरा कितीही देखणा असो, घेऊ नये.

ग्राइंडर वापरायचा नाही, याला पक्के कारण आहे. पात्याची धारेकडची बाजू कागदासारखी पातळ असते आणि घर्षणाने क्षणात तापते. ती निळसर झाली की पोलादाचे पाणी उतरले. मग तिच्यावर धार टिकत नाही. म्हणून पाते लाकडी ठोकळ्यावर आडवे धरून, रॉकेल किंवा तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासतात. घासताना बोटे पाठीकडून धारेकडे कधीच नेऊ नयेत. लाल गंज काढावा. काळसर डाग मात्र राहू द्यावेत. आरशासारखी चकाकी आणण्याच्या हट्टापायी शिक्का आणि कोरीवकाम पुसून टाकणे म्हणजे वस्तऱ्याची ओळखच पुसणे होय.

मुठी शिंगाच्या, हाडाच्या, लाकडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड जुने झाले की आम्लधर्मी वाफा सोडते. मुठीत मिटणाऱ्या भागावरच गंज दाट असेल, तर दोष बहुधा मुठीचा, ती बदलावी. शिसव किंवा बाभळीच्या पातळ पट्ट्या कापून, पितळी तारेचे रिव्हेट हलक्या हातोडीने ठोकून नवी मूठ बसते. लाकडाला जवसाचे तेल पाजावे. जवस तर इथल्या शिवारातलेच.

खरे कसब धार लावण्यात आहे. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला एकाच वेळी टेकतात, त्यामुळे कोन आपोआप सांभाळला जातो. साधारण १,००० नंबरच्या दगडापासून सुरुवात करून ८,००० किंवा त्यापुढे जातात; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. धारेला मार्करची शाई लावून पाते दगडावर एकदा फिरवले की शाई कुठे उरली ते दिसते. जिथे उरली तिथे दगड लागलेला नाही. सुरुवातीला धार दगडावरचे पाणी पुढे ढकलते. ती जुळून आली की पाणी पात्यावर चढू लागते आणि खरखर थांबून आवाज मऊ होतो. त्या क्षणाचे समाधान ज्याने अनुभवले, तो दुसरा वस्तरा शोधायला निघतोच. घाईने दाब वाढवणाऱ्याला मात्र ही धार मिळत नाही. शेवटच्या फेऱ्या पात्याच्या स्वतःच्या वजनानेच द्यायच्या.

नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून वस्तरा फिरवतात. परतताना तो पाठीवरूनच उलटायचा, नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही बोथटते. हातावरचे केस त्वचेला न खेचता कापले गेले, तर वस्तरा दाढीला तयार. तो स्पिरिटने पुसून एकट्यानेच वापरावा.

पावसाळ्यात पाते उघडे ठेवले तर गंज लगेच परततो. वापरानंतर पुसून, कोरडे करून शिलाई मशीनचे तेल लावावे. खोबरेलही चालते, पण हिवाळ्यात ते थिजते.