अंबाबाईचे दर्शन (कोल्हापूर)

कोल्हापूरच्या करवीरनिवासिनी अंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) देवळात भाविक कोणत्या वाटेने शिरतो, किती अंतरावरून मूर्ती पाहतो आणि काय वाहून परततो, या सगळ्या परिपाठाला गावात नुसते ‘दर्शन’ म्हणतात. शहराच्या जुन्या पेठांतली बाई ‘देवळात जाऊन येते’ म्हणाली, तर कुठल्या देवळात असे कोणी विचारत नाही. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि अर्धे पीठ मानलेली सप्तशृंगी यांच्यासह महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांत या स्थानाची गणना होते.

देवी पश्चिमाभिमुख आहे. देऊळ समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी. पश्चिमेच्या महाद्वारातून मूर्तीच्या पायांपर्यंत एक सरळ रेघ जाते. वाटेत दीपमाळा, लाकडी कमानींचा गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि शेवटी मूर्तीपुढचे कटांजन, म्हणजे कठडा, लागतो. कोल्हापूरकर दर्शनाचे अंतर याच खुणांनी मोजतात. ‘पितळी उंबऱ्यापर्यंत सोडलं’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. मुखदर्शनाची रांग याच रेघेवरून, गरुड मंडपातून लांबूनच हात जोडते. मुख्य रांग बहुधा पूर्व दरवाजाच्या बाजूने आत येते आणि फिरत फिरत या रेघेला मिळते. उत्तरेच्या दरवाजाला घाटी दरवाजा म्हणतात, तर दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा म्हणून ओळखला जातो. तासभर रांगेत काढल्यावर समोर उभे राहायला मिळते ते काही क्षणच. नवख्या माणसाने तेवढ्यात दागिने आणि साडी पाहण्यात वेळ घालवू नये, आधी चेहरा पाहावा.

वर्षातून दोनदा याच रेघेवरून सूर्यही आत येतो. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे रूढ दिवस. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडावीत अशी अपेक्षा असते. दोन्ही तारखा डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून आधी आणि नंतर सुमारे ४२ दिवसांवर आहेत. त्या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी, ऐन पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो, म्हणून उत्सव दोनदा होतो. गाभाऱ्यातले दिवे मंद करतात. बाहेर थांबलेली माणसे ‘कासव चौकात आली’, ‘चांदीचा उंबरा ओलांडला’ असे एकमेकांना सांगत राहतात. कधी ढग आडवे येतात, कधी हवेतले बाष्प आणि धूळ. महाद्वार रोडवरच्या उंच बांधकामांबद्दलची तक्रार तर जुनीच आहे. किरणे कटांजनापाशी येऊन विरली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती मोठी बातमी असते.

मूळ मूर्ती काळसर पाषाणाची, सुमारे तीन फूट उंच व चतुर्भुज आहे. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), वरच्यात गदा. डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्यात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. ही लक्षणे दुर्गासप्तशतीच्या ‘प्राधानिक रहस्या’तल्या आद्यशक्ती महालक्ष्मीशी जुळतात. ही महालक्ष्मी त्रिगुणमयी, सर्वांच्या आधीची. शेषशायी विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी नव्हे. शेजारच्या गाभाऱ्यांत महाकाली व महासरस्वती आहेत आणि देवीच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आहे.

तरीही देवी कोण, हा वाद मिटलेला नाही. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारल्यावर रुसलेली लक्ष्मी करवीरात येऊन राहिली, या कथेमुळे दक्षिणेकडचे हजारो भाविक तिरुपतीच्या यात्रेला कोल्हापूरची जोड देतात. कोल्हापूर व तिरुपतीला जोडणाऱ्या रेल्वेगाडीचे नावही ‘हरिप्रिया’ आहे. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीसाठी शालू येतो. बरेच कोल्हापूरकर तो मानाने स्वीकारतात, पण देवीला विष्णुपत्नी ठरवले की हरकत घेतात. मूर्तीची आयुधे पाहिली तर हरकत रास्त वाटते. एवढे मात्र खरे की एकाच रांगेत पुढच्या माणसाला लक्ष्मी भेटते आणि मागच्याला आई अंबाबाई.

देवीच्या प्राचीनतेचे पुरावे दगडापेक्षा ताम्रपटांत जास्त ठळक आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने प्रजेवरचे अरिष्ट टळावे म्हणून आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे इ.स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात म्हटले आहे. ती महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोल्हापूरचे शिलाहार राजे महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख आपल्या बिरुदात करत. काळ्या दगडाच्या मुख्य वास्तूच्या बाह्यभिंती कोनाकोनांनी मोडत जातात आणि त्यांवर योगिनी, वादक, नर्तकी कोरल्या आहेत. वरची शिखरे मात्र बरीच अलीकडची, विटा-चुन्याची आहेत. जोत्याशी उभे राहून मान वर केली की हा फरक लगेच दिसतो. आवारातल्या शेषशायी मंदिराच्या मंडपात छताखाली जैन तीर्थंकरांच्या छोट्या मूर्तींची ओळ आहे. रांगेतले बहुतेक लोक तिच्याकडे न पाहताच पुढे जातात. धामधुमीच्या काळात पुजाऱ्याच्या घरी लपवलेली मूर्ती १७१५ साली कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या काळात पुन्हा स्थापन झाली. झीज झाल्यामुळे २०१५ मध्ये तिचे रासायनिक संवर्धन करण्यात आले. अभिषेक आता उत्सवमूर्तीवर होतो.

देवळाचा दिवस पहाटे साडेचारच्या सुमारास काकडआरतीने उघडतो आणि रात्री दहाच्या सुमारास शेजारतीने मिटतो. ज्याला गर्दी सोसत नाही त्याने काकडआरतीलाच यावे. त्या वेळी फरशी पायाला गार लागते आणि घाटीचा, म्हणजे देवळातल्या मोठ्या घंटेचा, आवाज स्वच्छ ऐकू येतो. एप्रिल-मेच्या दुपारी त्याच फरशीवरून अनवाणी माणसे टाचा उचलत चालतात. ओटीचे सामान महाद्वार रोडवर आणि जोतिबा रोडवर मिळते: खण किंवा साडी, नारळ, हळदकुंकू, वेणी, जमल्यास कमळ. देवीला आलेल्या साड्या पुढे देवस्थानाकडून विकत घेता येतात आणि पुष्कळ घरांत अशी ‘आईची साडी’ सणासुदीलाच बाहेर निघते. शुक्रवारी रात्री पालखीची प्रदक्षिणा असते. गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून २०१६ मध्ये मोठा संघर्ष झाला होता. रोजचा भाविक मात्र, स्त्री असो वा पुरुष, दर्शन बाहेरूनच घेतो. बाहेरगावचे लोक बहुधा जोतिबाही साधून घेतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ निघतो.

नवरात्रात देवीची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात. ललिता पंचमीला मात्र देवी स्वतःच भेटीला जाते. कोल्हासुराच्या कुळाशी झालेल्या युद्धात मदत करूनही विजयसोहळ्याचे निमंत्रण न मिळाल्याने त्र्यंबोली देवी रुसून टेकडीवर जाऊन बसली. गाव तिला टेंबलाई म्हणते. तिची समजूत काढायला दरवर्षी अंबाबाईची पालखी लवाजम्यासह टेकडी चढते. तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि तो फुटताक्षणी त्याची एखादी फोड हाती लागावी म्हणून एकच झोंबाझोंबी उडते.